गजाननच्या पेट्रोलमध्ये काहीच नव्हतं

हे मी कुणाजवळ बोललो न्हाई. बायकोजवळ न्हाई, मायजवळ न्हाई — माय तर गेली बिचारी, पोरगं लई सरळ हाय असं समजून गेली. मग तुमच्याजवळ काहून बोलून राहिलो? तुमी माझ्या गावचे न्हाई, सोयऱ्यातले न्हाई, उद्या बसस्टँडवर समोर आलात तरी मला वळखणार न्हाई. तेवढंच कारण समजा.

सेनगावात माझं गॅरेज हाय. मोटरसायकली, पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं — जे फटफट करतं ते सगळं माझ्याकडं येतं. तोंडाचा मी फटकळ. गिऱ्हाईक म्हणलं, "बघा बरं जरा," की मी म्हणणार, "जरा कसं बघतात? एक डोळा झाकून?" लोक हसतात, शिव्या खातात अन् पुन्हा येतात. सुधाकर मिस्त्रीचं निदान चुकत न्हाई, असं तालुक्यात बोलतात. आधी मीच बोलायचो, मग लोक बोलायला लागले. आता हेच पाहा — सांगायला बसलो एक अन् सुरू केली स्वतःची आरती. दुखरं बोट दाखवायची वेळ आली की मी दुसराच हात पुढं करतो. सवय हाय.

तर नामदेव. नामा माझा शाळेतला दोस्त, एका बाकावरचा. येलदरी धरणाचं पाणी त्याच्या गावाला खेटून हाय. पाण्यापलीकडं चार वस्त्या. मेंढरंवाले हायेत, धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेरा करणारे हायेत. रस्त्यानं जायचं तर सगळ्या धरणाला वळसा, पार अर्धा दिवस जातो. होडीनं गेलं तर बिडी संपेपर्यंत माणूस पलीकडं. ती होडी नामा चालवायचा. होडीला कोकणातून आणलेलं जुनं इंजिन, दोरी ओढून सुरू करायचं, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच तेल मिसळून टाकायचं. इकडं असलं इंजिन उघडणारा दुसरा कुणी नव्हता. नामा ते जीपमध्ये टाकून माझ्याकडं आणायचा अन् लेकरू दवाखान्यात न्यावं तसा दारात उभा राहायचा.

त्या वर्षी नवरात्रात त्यानं ते आणलं. तक्रार अशी — सुरू होतं, हळू चालतं, गती दिली की घुसमटतं अन् बंद पडतं. चोक अर्धा ओढून धरला, म्हणजे हवा थोडी अडवली, तर चालतं. आता चोक ओढून चालतं म्हणजे काय? म्हणजे हवा बराबर येऊन राहिली, पेट्रोल कमी पडून राहिलं. मग पेट्रोल कुठं अडलं ते शोधायचं. शिकाऊ माणूस पहिल्या झटक्यात कार्बोरेटर खोलतो — काखेत कळसा अन् गावाला वळसा. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहावा, तो बंद राहिला तर टाकी पेट्रोल सोडतच न्हाई. मग नळीतला रबरी फुगा दाबून पाहावा, कडक होतो का ढिलाच राहतो. मग जाळी. हे सगळं ठीक असंल, तवाच कार्बोरेटरला हात लावावा. मी तसंच केलं. सगळं ठीक होतं, म्हणून कार्बोरेटर काढला.

आत डिंक. पावसाळाभर इंजिन उभं होतं अन् जुनं पेट्रोल आतच सुकलेलं. नळ बंद करून आतलं पेट्रोल जळू द्यावं, मग इंजिन ठेवावं, हे मी नाम्याला किती वेळा सांगितलं असंल! त्याला मनसोक्त शिव्या दिल्या अन् कार्बोरेटर धुतला. खालची वाटी काढली, दोन्ही जेट काढून फुंकले. हे जेट म्हणजे पितळेचे बारके तुकडे, मधी भोक. लहान जेट इंजिन हळू चालतं तेव्हाचं, मोठं जेट गतीचं. मोठ्याचं भोक बी सुईएवढंच. त्यात काही अडकलं तर इंजिन हळू चालताना गुणी लेकरू, अन् गती दिली की मान टाकतं. जेट परत बसवले. सगळं चकाचक. फक्त वाटी लावायची राहिली होती.

अन् खंडेनवमी आली.

तुमच्याकडं कसं असतं ठाऊक न्हाई. आमच्याकडं नवमीला हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडतात. पाने, पक्कड, हातोडी, सगळं पाटावर. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. एकदा मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा न्हाई. मायचा दंडक होता, अन् मलाही तो आवडायचा — वर्षातून एक दिवस लोखंडाला सुट्टी. त्या दिवशी मला हौस आली. म्हणलं, नाम्याच्या इंजिनाचं काळीजच पाटावर ठेवू, धरणावर माणसं नेतं, त्याचाही मान. उघडा कार्बोरेटर उलटा करून मी हत्यारांच्या मधोमध ठेवला, जेट वर तोंड करून. अन् मूठ-मूठ हळद-कुंकू उधळलं.

मी! जो कुणी कार्बोरेटर उघडा टाकला, त्यात बोळा खुपसला न्हाई, तर त्याच्या सात पिढ्या काढतो — तो मी.

दसऱ्याला सकाळी गॅरेजपुढं ही गर्दी. ज्याला त्याला गाडी धुऊन हार घालायचा. नामा उतावीळ झालेला. पलीकडं देवीची जत्रा, दसऱ्याला होडीला सगळ्यात जास्त माणसं. मी कार्बोरेटर उचलला, झटकला, तोंडानं एक फुंकर मारली, वाटी चढवली. जेट पुन्हा काढून पाहायला किती वेळ लागतो? चहा प्यायला लागतो तेवढाही न्हाई. इंजिन ड्रमातल्या पाण्यात उभं केलं, दोरी ओढली. पहिल्या ओढीला सुरू. हळू, बराबर, मांजरीवानी गुरगुर. गती देऊन पाहायला पाहिजे होतं. दिली न्हाई. काहून दिली न्हाई? ड्रमातलं पाणी उडतं, अन् अंगावर नवे कपडे होते. पांढरा शर्ट. बस, एवढंच कारण हाय. ह्याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

दुपारी फोन आला. नाम्याचा न्हाई, दुसऱ्याच कुणाचा. मोटरसायकलवर कसा गेलो ते आठवत न्हाई. पोचलो तोवर होडी काठाला ओढून आणलेली. काय झालं होतं — काठाकाठानं हळू नेईपर्यंत इंजिन चाललं. मधी वारं सुटलेलं, नाम्यानं गती दिली अन् ते मेलं. तो दोरी ओढत राहिला, वाऱ्यानं होडी त्या बुडालेल्या बाभळींत नेऊन घातली. धरण भरलं की वाळक्या बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर राहतात, तिथं. होडी फांदीवर चढली, कलली. एका म्हातारीचा हात मोडला. अन् नाम्याची लेक, राणी, एवढीशी पोर, पाण्यात गेली. नाम्यानं उडी टाकून तिला केसाला धरून वर काढलं.

जगली हो. आता कॉलेजात जाते. पण त्या वेळी ती घोंगडीत गुंडाळलेली होती, ओठ निळे, पाणी ओकून राहिलेली. तिची माय, कांतावहिनी, नुसती तिचे पाय चोळत होती. लोक नाम्यावर धावून जात होते — फुकणीच्या, इंजिन धड न्हाई तर माणसं कशाला भरतो? नाम्यानं मला पाहिलं. त्याचं ते पाहणं... "सुध्या, आला रे बाबा. पाय बरं काय झालं ते."

मी बसलो. सगळे वाकून पाहून राहिलेले. वाटी काढली. तळाला लाल-पिवळा गाळ. मोठ्या जेटच्या भोकात तोच गच्च बसलेला. शोधायला लागलंच न्हाई काही. त्या एका क्षणात मला सगळं कळलं — पाट, झेंडू, माझी मूठ, सगळं. माझी पाठ लोकांकडं होती. मी अंगठ्यानं तो गाळ पुसला, अंगठा खिशात घातला अन् आतल्या आत अस्तराला पुसून टाकला.

तोवर मी चोर नव्हतो, असं म्हणता येईल का? चूक झाली होती. चूक कुणाची होत न्हाई? तिथंच उठून म्हणलो असतो, बाबांनो, माझ्या हातून झालं — दोन थपडा बसल्या असत्या. चार बसल्या असत्या. म्हातारी दहा वर्षं शिव्या देत राहिली असती. बास. पण कुणीतरी मागून विचारलं, "मिस्त्री, काय निघालं?" अन् माझं तोंड माझ्या आधी बोललं.

"पेट्रोलमध्ये रॉकेल हाय."

का रॉकेल? दुसरंही काही म्हणता आलं असतं. इंजिन जुनं हाय, म्हणता आलं असतं. पण माझं तोंड फटकळ, त्याला कुणीतरी माणूस लागतो. अन् पेट्रोल कुठून आलं होतं ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. फाट्यावर किराणा दुकान हाय, गजाननचं. पंप लांब पडतो म्हणून तो कॅनमध्ये पेट्रोल आणून बाटल्या भरून विकायचा. गजानन म्हणजे कांतावहिनीचा भाऊ. सख्खा, पाठचा. तोही तिथंच उभा होता, भाची पाण्यात पडली म्हणून दुकान उघडं टाकून पळत आलेला. मी त्याच्याकडं पाहिलंही न्हाई. पण बोललो.

तो म्हणला, "मिस्त्री, काय बोलून राहिले तुमी? रॉकेलाचा थेंब न्हाई माझ्या पेट्रोलात."

तिथं तरी थांबायचं की न्हाई? मी थांबलो न्हाई. आता जे सांगून राहिलो ते सगळ्यात घाण हाय. मी म्हणलं, परीक्षा घेऊ. टाकीत बोट बुडवलं अन् सगळ्यांसमोर वर धरलं. पेट्रोल असंल तर उडून जाईल, बोट कोरडं होईल. रॉकेल असंल तर तेलकट राहील. सगळे जवळ सरकले. वारं वाहून राहिलेलं. बोट तेलकटच राहिलं. राहणारच! टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल घालावंच लागतं, नाम्यानं स्वतःच्या हातानं घातलेलं. हे मला ठाऊक होतं. घाबरलेल्या नाम्याला त्या वेळी सुचलं न्हाई, बाकीच्यांना ठाऊकच नव्हतं. मी ते बोट एकेकाच्या नाकापुढं फिरवलं. एक म्हातारा तर म्हणला, "व्हय व्हय, वास येऊन राहिला."

मग मी जेट धुतलं, पंपावरून पेट्रोल मागवलं, नवं भरलं, इंजिन लावलं. पुऱ्या गतीनं पळालं. झालं, पुरावा पक्का. नाम्यानं गजाननची गचांडी धरली. "माझी लेक मेली असती," एवढंच तो म्हणत होता, पुन्हा पुन्हा. गजाननानं ती सोडवली न्हाई. त्यानं बहिणीकडं पाहिलं, अन् कांतावहिनीनं मान खाली घातली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. माझं निदान चुकत न्हाई ना!

त्या दिवसापासून नाम्याच्या घराला गजाननचा पाय बंद. वहिनीनं सुरुवातीला रडून पाहिलं. नामा माणूस वाईट न्हाई, पण त्यानं लेकीला पाण्यातून केसाला धरून काढलं होतं, तो म्हणला, त्या दाराला गेली तर परत येऊ नको. गेली न्हाई ती. तिचे मायबाप आधीच गेलेले, माहेर म्हणजे तो एक भाऊ. फाट्यावरून जीप जाते, भावाचं दुकान दिसतं, अन् ती पदर ओढून दुसरीकडं पाहते — हे मी एकदा त्याच जीपमध्ये बसून पाहिलं. मी काय केलं? ड्रायव्हरशी पावसाच्या गप्पा मारल्या.

आता सांगायचं ते पुढंच हाय. तुमाला वाटलं असंल, झालं ह्याचं. न्हाई.

त्याच वर्षी भाऊबीजेला नाम्याचा निरोप आला, घरी ये. गेलो. अंगणात पाट मांडलेला, रांगोळी काढलेली. कांतावहिनी ताट घेऊन उभी. म्हणली, "मला भाऊ न्हाई राहिला. तुमीच बसा." नामा मागून म्हणला, "बस रे सुध्या, तुझ्यामुळं खरं-खोटं कळलं."

मी बसलो. डोक्यावर रुमाल घेतला. तिनं ओवाळलं. माझ्या कपाळावर तिनं कुंकू लावलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले, अन् तिला वाटलं मला गहिवरून आलं. म्हणून ती जास्तच रडली. तवापासून दरसाली जातो. तवापासून तिला ताई म्हणतो. राणी मला मामा म्हणते. शेवया, करंज्या, पोटभर जेवण. मी पचवतो ते. पहिल्या वर्षी पचलं न्हाई. आता पचतं.

सांगायची संधी मिळाली न्हाई असं न्हाई. किती मिळाल्या! नामा माझ्या गॅरेजात येऊन तासन्‌तास बसतो. कितीदा तर जिभेवर आलं. मग वाटायचं, यंदा राणीची बारावी हाय, पुढल्या साली सांगू. मग माझी माय आजारी होती. मग काही न्हाई, नुसतंच सांगितलं न्हाई. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं हाय. मी खाल्लं अन् खवखवला गजानन.

यंदा दिवाळीच्या आधी तो गॅरेजात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आला हिशोब करायला. मी हातातला पाना सोडलाच न्हाई. तो दाराशीच उभा राहिला, केस पांढरे झालेले, माझ्यापेक्षा लहान असून. म्हणला, "मिस्त्री, तुमच्यावर राग न्हाई माझा. मी लई विचार केला. तो कॅन मी कुणाकडून तरी जुना घेतला होता. त्यात आधी रॉकेल असंल. मी धुतला नसंल नीट. चूक माझीच असंल."

ऐकलं का? त्या माणसानं स्वतःला गुन्हेगार ठरवायला इतकी वर्षं शोधून शोधून एक कॅन काढला. अन् मी तिथं उभा. दारात तो, मधी चार पावलं, आसपास कुणी न्हाई. एक वाक्य. एकच तर वाक्य होतं.

मी म्हणलं, "जाऊ द्या आता, झालं ते झालं."

म्हणजे माफ केलं मी त्याला. मी!

मग त्यानं पिशवीतून साडी काढली. मोरपंखी. म्हणला, "भाऊबीजेला तुमी जाता. ही कांतीला द्या. माझं नाव सांगू नका, नाव ऐकलं तर दाजी नेसू देणार न्हाईत. तुमचीच म्हणून द्या. जवळ्याच्या बाजारात लहानपणी मोरपंखी परकरासाठी लोळली होती ती, बापानं घेऊन दिला न्हाई." अन् तो हसला, डोळे पुसत.

मी नेली. ताटात ठेवली. ताईनं घडी उलगडली अन् तिथंच बसली, पाटासमोर. हात फिरवून राहिली काठावर. "मोरपंखी! भाऊ, तुमाला कुणी सांगितलं? लहानपणापासून माझ्या मनात..." मी म्हणलं, "कोण सांगणार? दुकानात दिसली, आवडली, घेतली." ती नाम्याला म्हणली, "पाहा. आमच्या गज्याला सांगून सांगून दमले मी, त्यानं कधी आणली न्हाई. परक्यानं आणली." मग जीभ चावली अन् मला म्हणली, "परके कशाचे, तुमीच सख्खे."

नेसून आली ती लगेच. चांगली दिसत होती. नाम्यानं मोबाइलवर आमच्या दोघांचा फोटो काढला.

परवा गजानन पुन्हा आला. गाडीचं काहीतरी निमित्त करून. माझ्याकडं न पाहता, हँडलवरची धूळ पुसत त्यानं विचारलं, "नेसली का?"

"नेसली."

"आवडली?"

"व्हय."

त्यानं पुसलेलं हँडल पुन्हा पुसलं. मग म्हणला, "माझी आठवण काढली का तिनं? काही म्हणली का?"

मी म्हणलं, "न्हाई. तुमचं काही न्हाई निघालं."

"बरं," तो म्हणला. "नेसली ना, बास. लई उपकार केले तुमी." त्यानं वाकून मला हात जोडले, अन् मी तो नमस्कार घेतला.